पहिलं नको

एनिसकॉर्थीच्या चढावर गाडीने दोनदा आचके दिले. डर्व्हलाने तिला चार शिव्या हासडून पहिल्या गिअरवर आणलं आणि रस्त्यावरची नजर न हलवता, खिडकी जरा वर कर म्हणावं इतक्या सहज म्हटलं, "ब्रोना, तू पण ये की धंद्यात. अर्धा तुझा, अर्धा माझा."

ब्रोनाला इतका आनंद झाला की तिने आधी स्वतःचे गुडघेच घट्ट धरले. कोर्टाउनच्या समुद्रकिनाऱ्यावर उभी असायची ती जुनी चिप्सची गाडी आपण विकत घेतली, आणि ती आता पार पश्चिमेला बेलमलेटच्या धक्क्यावर नेऊन लावणार, असा डर्व्हलाचा रॉटरडॅमहून फोन आला होता, तेव्हापासून ती याच प्रश्नाची वाट पाहत होती. शाळा सुटल्यापासून ब्रोना गावातल्या चिप्सच्या दुकानात तळणीपुढे उभी होती. दुकान दुसऱ्याचं, तळणी दुसऱ्याची, आणि दर शनिवारी पबमधून झुलत येणाऱ्यांची बोलणी तेवढी तिची. बेलमलेट तिने जन्मात पाहिलं नव्हतं, पण मनातल्या मनात तिथल्या धक्क्यावर तिने कितीतरी पोती बटाटे तळून विकले होते.

म्हणून तिने रीतीला धरून उत्तर दिलं.

"छे गं! मी कुठे येऊ? मला काय त्यातलं कळतंय!"

यात खोटं काही नाही. आमच्याकडे पहिलं 'नको' म्हणजे नुसतं घसा साफ करणं. पहिल्याच खेपेला 'हो' म्हणणारा हावरट, आणि एकदाच विचारून गप्प बसणारा मनापासून विचारतच नव्हता, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आता डर्व्हला म्हणणार, "चल, भाव खाऊ नकोस." मग आपण म्हणायचं, "अगं पण आईला काय सांगू?" मग ती चिडल्यासारखं करून म्हणणार, "येतेस की नाही ते बोल!" मग आपण एक उसासा टाकायचा आणि म्हणायचं, "बरं बाई, तू म्हणतेसच तर." आमच्याकडे लग्नं अशीच ठरतात, शेतं अशीच विकली जातात आणि पाद्रीबुवा केकचा दुसरा तुकडा असाच घेतात.

"बरं," डर्व्हला म्हणाली, आणि तिने रेडिओ लावला.

ब्रोना थांबली. गाणं संपलं. जाहिराती झाल्या. मग वेक्सफर्ड परगण्यात काल कोण कोण वारलं ते निवेदकाने नेहमीच्या शांत आवाजात वाचून दाखवलं, त्यात ब्रोनाच्या आईच्या ओळखीचे दोघे निघाले. तरी डर्व्हला गप्पच. बोटांनी स्टिअरिंगवर ताल धरून ती आपली बाहेरच्या गाईंकडे बघत होती.

'म्हणजे हिने वरवरच विचारलं होतं,' ब्रोनाच्या मनात आलं, आणि तिच्या सकाळच्या उत्साहाचं पार पाणी झालं. आपण एवढी शाळेपासूनची मैत्रीण, दोन दिवस सोबतीला म्हणून शेजारी बसवून घेतलंय, तर विचारल्यासारखं करावं म्हणून विचारलं असणार. बरं झालं, आपण हावऱ्यासारखं 'हो' म्हणून बसलो नाही.

आता डर्व्हलाची बाजूही सांगितली पाहिजे. ही पोरगी तीन वर्षं हॉलंडमध्ये राहून आली होती. तिथे बंदरावरच्या एका खानावळीत ती राबली, पैसे साठवले, भाषा शिकली, आणि तिथल्या लोकांत राहून तिचा एक अवयवच गळून पडला. दुसऱ्यांदा विचारण्याचा. पण हे ब्रोनाला ठाऊक नव्हतं आणि डर्व्हलाला तर त्याहून नव्हतं.

चिप्सच्या गाडीतून प्रवास करण्याची एक गंमत आहे. ती कुठेही थांबली की रांग लागते. कार्लोच्या पुढे पेट्रोल भरायला थांबल्या, तर डर्व्हलाने टाकीचं झाकण उघडेपर्यंत गाडीच्या बंद खिडकीपुढे चारपाच माणसं आणि एक कुत्रा उभा.

"बंद आहे हो!" डर्व्हला ओरडली.

"मग उघडणार कधी?" सगळ्यात पुढच्या म्हाताऱ्याने विचारलं.

"बेलमलेटला गेल्यावर."

"बाप रे! तोवर थंड होतील की."

सगळी रांग खदखदली. म्हाताऱ्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ घालून पाहिली, आणि ही गाडी बेलमलेटपर्यंत जाईल असं वाटत नाही, पण गेली तर तिथे माझ्या बहिणीचा दीर आहे, त्याला नमस्कार सांगा, असं सांगून तो गेला. नाव मात्र त्याने सांगितलं नाही.

डर्व्हला पैसे द्यायला आत निघाली. "आइस्क्रीम खाणार?"

ब्रोनाला खरं तर उकडत होतं. इंजिनाची सगळी धग तिच्याच पायांशी येत होती. "नको गं, कशाला उगाच."

डर्व्हला आली ती एकच आइस्क्रीम चाटत. कार्लो ते पोर्टलिशपर्यंत ब्रोनाने ते आइस्क्रीम संपताना पाहिलं. वर शेवटी बिस्किटाचं टोक कडाकडा चावत डर्व्हला म्हणते कशी, "फार छान होतं. घ्यायला हवं होतंस तू."

"हो का," ब्रोना म्हणाली. तिचा राग आता शब्दांच्या पलीकडे गेला होता.

मागे ट्रॅक्टरांची रांग लागली होती. गाडीला वेग असा नव्हताच, आणि प्रत्येक वळणावर आतली झारी, चाळण्या आणि मिठाची डबडी एका बाजूने दुसऱ्या बाजूला घरंगळत. ओलांडून पुढे जाणारे ट्रॅक्टरवाले शिव्या द्यायच्या ऐवजी गाडीवर रंगवलेला हसरा मासा बघून बोट वर करत. पाऊस येऊन गेला, ऊन पडलं, पुन्हा पाऊस आला. तसा दिवस चांगलाच होता.

अ‍ॅथलोनचा पूल ओलांडताना डर्व्हलाने आणखी एक बातमी दिली. "मी त्या पंपावरून बेलमलेटला फोन केला. तुला यायचं नाहीये म्हटल्यावर एकटीला जमायचं नाही. तिथे अल्टन म्हणून एक जण आहे, बरीच वर्षं मासेमारीच्या बोटीवर स्वयंपाकी होता. उद्या धक्क्यावर भेटायला येतोय. जमलं तर त्यालाच भागीदार घेऊन टाकते."

 'यायचं नाहीये' असं मी कधी म्हणाले? हे ब्रोनाच्या अगदी ओठावर आलं होतं. पण आपण होऊन तोंड उघडायचं, म्हणजे हिने दार लोटून घेतल्यावर फटीत पाय घालण्यासारखं. तेवढी लाचारी तिच्या घराण्यात कुणी केली नव्हती.

"छान," ती म्हणाली. "बोटीवरचा माणूस. छानच."

"तुला पण छान वाटतंय ना?"

"मला काय, मी आपली परवा बसने परत."

यावर डर्व्हलाने नुसता रेडिओचा आवाज वाढवला. तिची ही सवय ब्रोनाला आता फारच खटकायला लागली होती.

रॉसकॉमनमधल्या एका गावाशी त्यांना एका माणसाने अडवलं. अडवलं म्हणजे, तो रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभाच राहिला. अंगात क्लबचं निळं जाकीट, गळ्यात शिट्टी, आणि मागच्या मैदानावरून फुटबॉलच्या सामन्याचा गलका.

"देव पावला!" तो खिडकीशी येऊन म्हणाला. "उशीर केलात, पण आलात! या, या, त्या गेटमधून आत घ्या."

"आम्ही त्या नव्हे हो," डर्व्हला म्हणाली. "आम्ही बेलमलेटला चाललोय."

माणसाचा चेहरा उतरला. त्याने सांगितलेली चिप्सची गाडी आलीच नव्हती. मैदानावर दोन गावांची अंतिम लढत, निम्मा परगणा लोटलेला, मध्यंतर तोंडावर आलेलं, आणि खायला काय, तर चर्चच्या बायकांनी केलेली काकडीची सँडविचेस. "बाहेरच्या गावच्यांसमोर आमची नाचक्की होईल हो," तो म्हणाला. "बरं, जाऊ द्या. तुम्ही वाटसरू. तुम्हाला कशाला त्रास."

"ठीक आहे मग," म्हणत डर्व्हलाने गिअर टाकला.

"ए थांब!" ब्रोना इतक्या जोरात ओरडली की गाडी बंदच पडली. "अगं, ठीक काय? बिचारा रडायला आलाय! मागे माझ्या बाबांनी दिलेली बटाट्याची पोती आहेत ना? गॅस आहे ना? वळव गाडी."

"पण तोच म्हणाला ना, जाऊ द्या म्हणून."

"वळव!"

पुढचा तासभर ब्रोनाला कसलंच भान नव्हतं. डर्व्हलाने पहिला घाणा घाईघाईने टाकला आणि तो करपवला. ब्रोनाने तिला कोपराने बाजूला सारलं. तेल किती तापलं ते तिला आवाजावरून कळायचं. एकदा मंद तळून बाहेर, जरा दम, मग कडक तेलात दुसऱ्यांदा. शिट्टी झाली आणि लोंढा आला. निळेवाले एका बाजूने, पिवळेवाले दुसऱ्या बाजूने, मध्ये पाद्रीबुवा दोन्हीकडून ढकलले जातायत.

"आमच्यावर दोन गोल चढलेत, जरा जास्त घाल पोरी!"

"हरणाऱ्यांना व्हिनेगर फुकट," ब्रोना म्हणाली. "मीठ जिंकणाऱ्यांना."

"पंचाला काय देणार?"

"पंचाला चष्मा!" रांगेतून कुणीतरी ओरडलं, आणि खुद्द पंच, जो रांगेत तिसराच होता, हसून हसून लाल झाला.

डर्व्हला कागदाच्या पुड्या बांधत होती, पैसे घेत होती, आणि मधूनमधून ब्रोनाकडे बघत होती. मध्यंतर संपलं तरी निम्मे लोक मैदानाकडे पाठ करून गाडीपाशीच उभे राहिले. शेवटचा बटाटा तळला गेला तेव्हा निळे एका गोलने जिंकले होते, आणि त्या जाकीटवाल्याने विजयाचं भाषण करताना खेळाडूंच्या आधी चिप्सवाल्या मुलींचे आभार मानले. खेळाडूंनाही ते रास्तच वाटलं.

दोघी गाडीच्या पायरीवर बसल्या. अंगाला तेलाचा वास, केसांत मीठ, आणि हसून हसून गाल दुखतायत.

"मला काय त्यातलं कळतंय, म्हणे!" डर्व्हलाने तिच्या दंडावर चापट मारली. "खोटारडे! असले चिप्स मी हॉलंडमध्येही खाल्ले नाहीत, आणि ती माणसं तर त्यावरच जगतात."

ब्रोनाने श्वास रोखला. आता. आता ही दुसऱ्यांदा विचारणार. तिने उत्तर तयार ठेवलं, रीतही सगळी गुंडाळून ठेवली. या खेपेला नुसतं 'हो' म्हणायचं, एका दमात.

"वाईट वाटतं गं," डर्व्हला म्हणाली, "तुला यायचं नाहीये त्याचं." आणि उठून ती कढईतलं तेल गाळायला गेली.

हा प्रश्न नव्हताच. प्रश्न नसेल त्याला 'हो' कसं म्हणायचं? ब्रोना पायरीवर बसून राहिली, आणि तिला त्या गळणाऱ्या तेलाचासुद्धा राग आला.

संध्याकाळी त्या बॅलाहाडरीनला डर्व्हलाच्या असम्प्टा आत्याकडे मुक्कामाला पोचल्या. आत्या दारातच उभी. दोघींचे मुके घेऊन झाले, किती वाळलात म्हणून झालं, आणि खुर्चीला पाठ टेकायच्या आत तिने विचारलं, "चहा टाकू?"

"नको आत्या," डर्व्हला म्हणाली.

"नको हो, तुम्ही बसा निवांत," ब्रोना म्हणाली. सकाळपासून तिच्या पोटात धड काही नव्हतं.

"घोटभर घ्या गं."

"खरंच नको."

"अगं, सोड्याचा ब्रेड आत्ताच भट्टीतून काढलाय. गरम आहे. लोणी लावून देते एकेक तुकडा."

"आत्या!" डर्व्हला कावली. "नको म्हटलं ना मी? तीन तीनदा काय विचारतेस!"

 आत्याने हातातलं फडकं घडी घालून टेबलावर ठेवलं, मग पुन्हा उलगडून पुन्हा घडी घातली. "माझं चुकलं हो," ती म्हणाली. "आम्ही जुनी माणसं." आणि ती कोंबड्या कोंडायला म्हणून बाहेर गेली. कोंबड्या तिच्या मघाशीच कोंडून झाल्या होत्या.

"काय झालं हिला?" डर्व्हला बावचळून म्हणाली.

"काय झालं? दगडासारखी बोललीस तू! ती बिचारी दुपारपासून ओट्याशी उभी असेल."

"पण मला नको होतं! हवं असतं तर हो म्हटलं असतं की. तिथे एकदा विचारतात. हवं तर घ्यायचं. बिस्किटाचा डबा एकदा फिरतो आणि झाकण बसतं."

"आणि हवं असताना एखाद्याच्या तोंडून नको गेलं तर?"

"तर तो उपाशी राहतो." डर्व्हलाने बूट काढून कोपऱ्यात भिरकावले. "दुसऱ्याच्या मनात कसं शिरायचं गं माणसाने? कुणी नको म्हणालं की मी नकोच ऐकते. मला ते लागलं तरी ऐकते."

ब्रोना तिच्याकडे बघतच राहिली. आइस्क्रीम, तो जाकीटवाला, रेडिओ. सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. म्हणजे ही वरवर विचारत नव्हती! हिला मुळी दुसऱ्यांदा विचारायचं असतं हेच आठवत नव्हतं! ब्रोनाला इतकं हायसं वाटलं की ती कोंबड्यांच्या खुराड्याशी गेली, आत्याला हाताला धरून आत आणलं आणि म्हणाली, "मला चहा हवाय. ब्रेडही हवाय. दोन तुकडे."

आत्या तिच्याकडे जरा संशयानेच बघायला लागली. पण ब्रेडचे तिने चार तुकडे दिले.

एकदा कळलं म्हणजे सांगून टाकणं सोपं, असं ज्याला वाटतं तो आमच्यात वाढलेला नाही. दुसऱ्या दिवशी बॅलिनापासून पुढे रस्ता मोकळा लागला, दोन्ही बाजूंना तपकिरी माळ आणि जळणासाठी कापून रचलेल्या पीट मातीचे ढीग, आणि ब्रोना तोंडातल्या तोंडात घोकत होती. मला यायचंय. मला तुझ्याबरोबर यायचंय. अर्धा धंदा मला हवाय. 'मला हवंय' हे शब्दच तिला दुसऱ्याच्या घरातून उचलून आणल्यासारखे वाटत. दोनदा तिने तोंड उघडलं. एकदा "बघ किती मेंढ्या" एवढंच बाहेर पडलं, आणि दुसऱ्यांदा तेही नाही.

"बरं वाटत नाहीये का तुला?" डर्व्हलाने विचारलं.

"छान वाटतंय," ब्रोना म्हणाली, आणि स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं तिला वाटलं.

बेलमलेटचा धक्का आला तेव्हा वारा असा सुटला होता की गाडीचं दार उघडायला दोघींचा जोर लागला. डर्व्हलाच्या काकाने देऊ केलेली जागा म्हणजे एक पडकं आवार होतं, कोपऱ्यात बोटीचा गंजलेला नांगर, भिंतीशी जाळ्यांचा गुंता, आणि धक्क्यावर एक माणूस सोडला तर चिटपाखरू नाही. पण पुढ्यात समुद्र होता, मोकळा आणि हिरवा. ब्रोनाला ती जागा बघताक्षणी आवडली. खिडकी समुद्राकडे करायची, नांगर रंगवून दारात ठेवायचा, इतपत तिचं ठरूनही गेलं.

अल्टन आधीच येऊन उभा होता. पंचेचाळिशीचा, उंच, लाजाळू माणूस. अंगात चर्चला जायचा कोट, केस पाण्याने चापून बसवलेले, आणि ताज्या दाढीने हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं. माणूस कोणत्या इच्छेने आलाय ते त्या हनुवटीवर लिहिलेलं होतं. ब्रोनाला त्याच्याविषयी एकदम आपुलकी वाटली आणि त्याच वेळी तो खाडीत पडावा असंही वाटलं.

त्याने गाडी आतून बाहेरून पाहिली. कढईवरून हात फिरवला. झारी उचलली, तोलून पाहिली आणि जागच्या जागी ठेवली.

"मग? येता का माझ्याबरोबर?" डर्व्हलाने विचारलं.

अल्टनने टोपी काढून हातात घेतली. "अहो, मी कसला! माशांचं येतं थोडंफार, बाकी माझा काय उपयोग? तुम्हाला कुणीतरी तरणंताठं मिळेल."

"बरं," डर्व्हला म्हणाली. "आलात, आभारी आहे." आणि तिने हात पुढे केला.

अल्टनने तो हात हातात घेतला आणि जरा वेळ तसाच धरून ठेवला, आणखी काही येतंय का ते बघत. काही आलं नाही. मग तो आवाराच्या टोकाला भिंतीवर जाऊन बसला आणि हाताच्या बोटांकडे बघायला लागला. घरी मात्र गेला नाही.

डर्व्हला गाडीच्या पायरीवर बसली. वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते आणि ती ते बाजूला करत नव्हती.

"पाहिलंस?" ती म्हणाली. "हाही नको म्हणाला. आधी तू, मग हा. कुणालाच नकोय ही गाडी."

"डर्व्हला—"

"नाही, खरं सांगते. मी पहिल्यांदा तुलाच विचारलं ना, ते उगाच नाही. गाडीचे पैसे भरायच्या आधी माझं ठरलं होतं, ब्रोना असेल तर हे जमेल. तिकडे खोलीत एकटी बसून मी गाडीवरच्या त्या माशाला रंग कुठला द्यायचा ते तुझ्याशी बोलायचे. आणि तू म्हणालीस, छे. मी रेडिओ लावला म्हणून, नाहीतर तुला माझं तोंड दिसलं असतं."

ब्रोनाला कुणीतरी पाठीत धपाटा घातल्यासारखं झालं. दोन दिवस ती स्वतःचंच दुःख कुरवाळत बसली होती. आपण रीत पाळली, हिने मोडली, एवढाच तिचा हिशेब. आपल्या त्या एका 'छे'ने शेजारी बसलेली ही पोरगी पार खचली, आणि तरी आख्खा देश गाडी हाकत आली, हे तिच्या मनाला शिवलंही नव्हतं. तिला रडू आलं, आणि त्या रडण्याच्या धक्क्याने का होईना, शब्द एकदाचे बाहेर पडले.

"मला यायचंय."

"काय?"

"मला यायचंय! अर्धा धंदा मला हवाय. पहिल्यापासून हवा होता. एनिसकॉर्थीच्या चढावर हवा होता, त्याच्या आधी महिनाभर हवा होता!"

डर्व्हलाने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं आणि लगेच तिने ते झाकून टाकलं. ती उठली आणि उगाचच चाळण्या रचायला लागली.

"नको गं," ती म्हणाली. "तुला माझी कीव आलीय. तुझी दुकानातली नोकरी आहे तिकडे, आई आहे. इथे वारा बघ कसला आहे. तुला कशाला या भानगडीत ओढू?"

ब्रोना क्षणभर हिरमुसली. आणि मग ते 'नको' तिच्या कानात नीट शिरलं. मान खाली, हात कसल्यातरी कामात, आवाज शेवटाला जरासा वर गेलेला. हे 'नको' रॉटरडॅमचं नव्हतं. हे तिच्या आईचं 'नको' होतं, असम्प्टा आत्याचं, रस्त्यात हात पसरून उभ्या राहिलेल्या त्या जाकीटवाल्याचं. तीन वर्षं तिकडे काढूनही, जीव ज्यात अडकलाय ती गोष्ट समोर आली तेव्हा या बयेच्या तोंडून अगदी घरचंच 'नको' निघालं होतं! ब्रोनाला इतका आनंद झाला की ती रडता रडता मोठ्याने हसली.

"हसतेस काय?" डर्व्हला म्हणाली.

"भाव खाऊ नकोस," ब्रोना म्हणाली. "मी येतेय."

"अगं पण हिवाळ्यात इथे कुत्रं फिरकत नाही. काकाही तेच म्हणतो. मी कर्जबाजारी झाले तर झाले, तू कशाला?"

हे दुसरं. ब्रोनाने तिच्या हातातल्या चाळण्या काढून घेतल्या, गाडीत चढली, खुंटीवरचा एप्रन गळ्यात घातला आणि खिडकीची फळी धाडकन उघडली. समुद्राचा वारा आत घुसला आणि कागदाच्या पुड्या चहूकडे उडाल्या.

"डर्व्हला, येऊ की नको ते बोल!"

डर्व्हला खाली उभी होती. नाक लाल, केसांचा पार झिपऱ्यांचा अवतार. तिने एक उसासा टाकला, चांगला लांबलचक.

"बरं बाई," ती म्हणाली. "तू म्हणतेसच तर."

आणि दुसऱ्याच क्षणी तिने डोकं धरलं. "थांब. थांब जरा. म्हणजे त्या चढावर तू 'छे' म्हणालीस ते..."

"हो."

"आणि आइस्क्रीम?"

"ते तर मी मरेपर्यंत विसरणार नाही."

"आणि आत्या... अरे देवा." डर्व्हला हळूहळू मागे वळली. भिंतीवर अल्टन अजून बसलेला होता. त्याच्या बुटाची नाडी तो सोडत होता आणि पुन्हा बांधत होता. "तो पण?"

"कोट बघ त्याचा," ब्रोना म्हणाली. "दाढी बघ. तिघांना पुरेल एवढं काम आहे, आणि मासे मला अजिबात जमत नाहीत. जा."

डर्व्हला वाऱ्यात वाकून आवार ओलांडत गेली. ब्रोना फळीवर कोपरं टेकून बघत राहिली. शब्द काही ऐकू येत नव्हते. अल्टनने मान हलवली, नाही. डर्व्हला काहीतरी बोलली. त्याने टोपीने समुद्राकडे, मग स्वतःकडे, मग आभाळाकडे हात केला आणि पुन्हा मान हलवली, नाही. डर्व्हलाने कमरेवर हात ठेवले आणि पाय रोवून ती तिथेच उभी राहिली.

ब्रोनाने वळून गॅस पेटवला आणि तेल तापत ठेवलं. बटाटे रॉसकॉमनलाच संपले होते, पण तिघांपुरते अल्टनच्या घरून आणता येतील.